शिकारी कुत्र्याचा आकार आणि त्याचे काम

शिकारी कुत्र्यांची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न बहुधा उंचीचा असतो. कुत्रा जितका उंच, जितका भरदार, तितका तो कामाचा, अशी समजूत राजदरबारापासून खेड्यापर्यंत सर्वत्र आढळते. सतराव्या शतकात जहांगीर बादशहाच्या दरबारी इंग्लंडहून ज्या भेटी आल्या, त्यांत मॅस्टिफ जातीचे दांडगे कुत्रे होते. दरबारात मोठ्या कुत्र्याला मान असे, आणि तो त्याच्या कामापेक्षा त्याच्या दिसण्यालाच अधिक असे. याउलट, ज्यांची संध्याकाळची भाकरी कुत्र्याच्या धावण्यावर अवलंबून होती, अशा लोकांनी कुत्र्याची पारख निराळ्या मापाने केली. या दोन मापांत फरक का पडतो, आणि लहान चणीचा शिकारी कुत्रा मोठ्याच्या बरोबरीने काम करू शकतो काय, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग वासावरून माग काढणाऱ्यांचा. दुसरा वर्ग सावज नजरेने टिपून धावत जाऊन पकडणाऱ्यांचा. लांब पाय, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट, निमुळते तोंड ही दुसऱ्या वर्गाची खूण होय. युरोपातील ग्रेहाउंड, अरबस्तानातील सालुकी, मध्य आशियातील ताझी हे या वर्गातले. आपल्याकडील रामपूर, कारवान, मुधोळ आणि झुपकेदार केसांचा पश्मी हेही याच घराण्याचे. अबुल फजलाने 'आईने अकबरी'त काबूलकडून, विशेषतः हजारा मुलुखातून, येणाऱ्या उत्तम कुत्र्यांचा उल्लेख केला आहे. उत्तरेकडून येणारे हे कुत्रे व्यापारी तांड्यांबरोबर दक्षिणेत पोचले आणि दख्खनच्या माळावर स्थिरावले, अशी परंपरा आहे. 'कारवान' हे नावही त्या तांड्यांचीच आठवण सांगते.

इंग्लंडमध्ये या वर्गातून एक निराळा कुत्रा तयार झाला. त्याला 'लर्चर' म्हणतात. लर्चर ही जात नव्हे. तो कामापुरता केलेला संकर आहे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेट यांसारख्या वेगवान कुत्र्याचा मेंढपाळाच्या कॉली कुत्र्याशी, नाहीतर बेडलिंग्टन टेरियरसारख्या चिवट कुत्र्याशी संयोग घडवून तो निपजविला जातो. एका बाजूने वेग घ्यावयाचा आणि दुसऱ्या बाजूने अक्कल, आज्ञाधारकपणा व काटकपणा घ्यावयाचा, हा त्यामागील हेतू. खांद्याशी सुमारे २३ इंचांच्या आतला लर्चर लहान गणला जातो, त्याच्या वरचा मोठा. लहान की मोठा हा वाद या कुत्र्यांच्या बाबतीत फार जुना आहे.

रिकिबीतून जाणारा कुत्रा

लहान कुत्रा ठेवण्यामागे एके काळी कायद्याचेही कारण होते. नॉर्मन राजांनी इंग्लंडमधील मोठमोठी अरण्ये स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली. अरण्याच्या हद्दीत राहणाऱ्या रयतेचा मोठा कुत्रा राजाच्या हरणांमागे धावू नये, म्हणून त्याच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटून टाकण्याचा नियम होता. १२१७ सालच्या वनसनदेत या नियमाचा तपशील नमूद आहे. लहान कुत्रा मात्र या शिक्षेतून सुटत असे. न्यू फॉरेस्टमधील लिंडहर्स्ट गावच्या वनन्यायालयात एक मोठी लोखंडी रिकीब जतन केलेली आहे. लोक तिला रूफस राजाची रिकीब म्हणतात. प्रत्यक्षात ती ट्यूडर काळातली. या रिकिबीतून जो कुत्रा पार होईल तो निरुपद्रवी, आणि जो होणार नाही तो धोक्याचा, असे मानीत, अशी आख्यायिका आहे.

राजाच्या दृष्टीने हे माप चुकीचे नव्हते. त्याला चिंता हरणांची होती, आणि हरीण खाली पाडण्यास मोठाच कुत्रा लागतो. परंतु रिकिबीतून निसटणारा कुत्राही अगदीच निरुपयोगी नव्हता. तो हरीण आणू शकत नसे. ससा मात्र आणू शकत असे. गरिबाच्या चुलीला तेवढे पुरेसे होते.

एक शब्द, दोन प्राणी

येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लावतो. घराच्या पिंजऱ्यात दिसणारा पांढरा ससा हा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. तो कळपाने राहतो, जमिनीत बिळांचे जाळे खणतो आणि चरताना बिळापासून फार दूर जात नाही. आपल्या माळरानावरचा ससा हा निराळा प्राणी होय. त्याच्या मानेवर काळा ठिपका असतो. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात दबून बसतो. पिलेही उघड्यावर होतात, आणि जन्मतःच त्यांचे डोळे उघडे व अंगावर केस असतात. बिळातल्या सशाचा भरवसा बिळावर असतो. माळावरच्या सशाचा भरवसा स्वतःच्या पायांवर असतो.

कुत्र्याच्या आकाराचा प्रश्न या भेदावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. तो नीट समजण्यासाठी थोडा हिशेब करून पाहू.

समजा, बिळात राहणारा ससा बिळापासून २५ मीटर अंतरावर चरत आहे आणि कुत्रा त्याच्या मागे १५ मीटरांवर आहे. ससा सेकंदाला १० मीटर वेगाने पळाला, तर तो अडीच सेकंदांत बिळात शिरेल. तेवढ्या वेळात कुत्र्याला ४० मीटर अंतर कापावयाचे आहे. म्हणजे सेकंदाला सरासरी १६ मीटर. उत्तम ग्रेहाउंडचा कमाल वेग सेकंदाला १८ मीटरांच्या आसपास असतो. परंतु उभ्या जागेवरून निघून तो वेग गाठण्यातच त्याचे काही क्षण जातात, म्हणून अडीच सेकंदांची ही सरासरी त्यालाही साधणार नाही. या शर्यतीत लहान कुत्रा हरतो आणि मोठाही हरतो. येथे ससा मिळतो तो वेगळ्याच कुत्र्याला: जो अंधारात आवाज न करता बाजूने सरकतो, वाऱ्याची दिशा ओळखतो, आणि ससा व बीळ यांच्यामध्ये जाऊन उभा राहतो. हे काम अकलेचे आहे, आणि अक्कल उंचीबरोबर वाढत नाही. कॉलीचे किंवा टेरियरचे रक्त असलेला लहान लर्चर या कामात मोठ्या कुत्र्याच्या तोडीचा असतो. कुंपणाच्या फटीतून शिरणे, काटेरी झुडपाखालून निघणे, दोन-चार मीटरांत दिशा बदलणे या बाबतींत तो मोठ्याहून सरसही ठरतो.

आता माळावरचा ससा घेऊ. तो कुत्र्यापासून ५० मीटर पुढे उठला आणि सेकंदाला १६ मीटर वेगाने सरळ पळू लागला. सेकंदाला १७ मीटर वेगाने धावणारा मोठा कुत्रा हे अंतर ५० सेकंदांत तोडील, पण त्यासाठी त्याला ८५० मीटर पूर्ण वेगाने धावावे लागेल. ग्रेहाउंडच्या शर्यती बहुधा ५०० मीटरांच्या आत, अर्ध्या मिनिटात आटोपतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही मागणी किती कठोर आहे ते कळते. सेकंदाला १४ मीटर धावणारा लहान कुत्रा मात्र हे अंतर कधीच तोडू शकणार नाही. प्रत्येक सेकंदाला तो आणखी दोन मीटर मागे पडेल. उघड्या मैदानात, सरळ धावेत, लांब पायाच्या कुत्र्याचे श्रेष्ठत्व असे निर्विवाद आहे.

वळण आणि वजन

परंतु ससा सरळ पळत राहत नाही. कुत्रा अगदी जवळ आला की तो एकाएकी काटकोनात वळतो. कुत्रा पुढे घसरत जातो आणि कमावलेले अंतर गमावतो. इंग्लंडमध्ये १८३६ पासून २००५ पर्यंत ऑल्टकार येथे 'वॉटर्लू कप' नावाची सशांमागे ग्रेहाउंड धावविण्याची स्पर्धा होत असे. तिच्यात गुण मिळत ते प्रामुख्याने वेगाला व सशाला वळविण्याला. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या हे कुत्रे धावविले, त्यांनी वळण हेच कौशल्याचे मर्म मानले होते.

वळणाच्या बाबतीत वजनाचा प्रश्न उभा राहतो. प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट झाली तर त्याचे वजन आठपट होते, पण स्नायूंचा छेद चौपटच होतो. गॅलिलिओने १६३८ साली मांडलेला हा नियम कुत्र्यालाही लागू आहे. म्हणून लहान कुत्र्याची ताकद त्याच्या वजनाच्या मानाने अधिक भरते. तो चटकन वेग घेतो, चटकन थांबतो आणि आखूड घेरात वळतो. मात्र हा नियम सरसकट लावून मोठा कुत्रा वळू शकत नाही असे म्हणणे चूक होईल. २००५ साली अशरवुड व विल्सन या संशोधकांनी शर्यतीच्या ग्रेहाउंडांचा अभ्यास केला. वळणावर पायांवरचा भार बराच वाढूनही हे कुत्रे वेग कमी करीत नाहीत, असे त्यांना आढळले. तेव्हा मोठ्या कुत्र्याचे पाय वळणाचा ताण सोसतात. फरक पडतो तो एकाएकी आणि अगदी आखूड घेराच्या वळणात.

चित्त्यांवरील एका अभ्यासानेही यावर प्रकाश पडला आहे. पूर्वी कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत, आणि त्यांच्या वेगाच्या कथा अजून सांगितल्या जातात. विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट्स्वानातील रानटी चित्त्यांच्या गळ्यात मापनयंत्रे बांधून ३६७ धावांची नोंद केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. कमाल वेग ताशी ९३ किलोमीटर भरला. परंतु बहुतेक शिकारी त्याहून पुष्कळच कमी वेगाने झाल्या होत्या. झपाट्याने वेग घेणे, झपाट्याने तो उतरविणे आणि वळणे हीच चित्त्याची खरी शक्ती ठरली. सर्वांत वेगवान प्राण्याचीही गोष्ट अशी असेल, तर केवळ धावेच्या आकड्यावरून कुत्र्याची किंमत ठरविणे योग्य नव्हे.

वजनाची आणखी एक बाजू आहे, ती दुखापतीची. ३० किलो वजनाचा कुत्रा सेकंदाला १५ मीटर वेगाने दगडावर आदळला, तर त्या आघातातील ऊर्जा १० किलोच्या, सेकंदाला १४ मीटर धावणाऱ्या कुत्र्याच्या जवळजवळ साडेतीन पट असते. मोठ्या कुत्र्याचा पाय मोडला की तो कायमचा अधू होण्याचा धोका असतो. ज्याच्या दाराशी एकच कुत्रा आहे, त्याला हा हिशेब करावाच लागतो.

जमिनीची कसोटी

यावरून जमिनीचे महत्त्व लक्षात येईल. दिल्लीच्या परिसरातच दोन टोकांची भूमी शेजारी शेजारी आहे. एकीकडे यमुनेचा खादर, म्हणजे नदीकाठची सपाट, मऊ, गाळाची जमीन. दुसरीकडे अरवलीचा खडकाळ कडा, ज्याला दिल्लीत 'रिज' म्हणतात. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने या कड्यावर शिकारीसाठी विश्रामस्थाने बांधली. मालचा महाल, भूली भटियारी, पीर गैब यांचे अवशेष आजही दिसतात. खादरात लांब पायांच्या कुत्र्याला वाव होता. दगडधोंड्यांच्या व काटेरी झुडपांच्या कड्यावर तोच कुत्रा दहा पावलांत अडखळला असता.

दख्खनची भूमी याहून अवघड. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि तिच्या भेगांत कुत्र्याचा पंजा अडकतो. माळावर बेसाल्टचे टोकदार खडे, बांधावर बाभळीचे काटे, आणि डोक्यावर ऊन. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त आणि उष्णता बाहेर टाकणे सोपे. भारी कुत्रा एका लांब धावेनंतर सावली शोधतो. हलका कुत्रा थोड्या विसाव्यानंतर पुन्हा उभा राहतो.

दख्खनमध्ये टिकून राहिलेल्या कुत्र्याची अंगलट या परिस्थितीशी सुसंगत आहे. मुधोळ कुत्रा खांद्याशी साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर उंच असतो, पण त्याचे वजन २० ते २८ किलोच्या दरम्यानच राहते. उंचीने तो मोठ्यांत मोडतो, वजनाने मात्र हलका आहे. उत्तरेतील रामपूर कुत्रा याहून भरदार. रामपूरचे नबाब अहमद अली खान यांनी अफगाणांच्या ताझी कुत्र्याशी इंग्लिश ग्रेहाउंडचा संकर करून तो सिद्ध केला, असे सांगतात. कोल्ह्यासारख्या चावऱ्या सावजासाठी नबाबाला वेगाबरोबर वजनही हवे होते. एकाच घराण्याचे हे दोन कुत्रे दोन निराळ्या कामांनी दोन निराळ्या आकारांना आणले.

मोठ्या कुत्र्याची बाजू

लहान कुत्र्याची ही बाजू मांडताना मोठ्याच्या गुणांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पाठलाग हा शिकारीचा अर्धाच भाग असतो. उरलेला भाग पकडण्याचा. काळविटाच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४० किलोच्या आसपास असते. १० किलोचा कुत्रा त्याला गाठू शकत नाही, आणि चुकून गाठलेच तर धरून ठेवू शकत नाही. अशा झटापटीत कुत्रा जखमी होतो आणि सावजाचे विनाकारण हाल होतात. तात्काळ व एकाच पकडीत काम संपविणारा कुत्रा हा त्या अर्थाने अधिक दयाळू होय, आणि ते बळ वजनानेच येते.

लहान कुत्र्यांनी मोठे सावज पाडल्याची उदाहरणे सांगितली जातात, ती बहुधा टोळीची असतात. कोकणात रानडुकराच्या पारधीत गावठी कुत्र्यांची टोळी डुकराला घेरून जागीच अडवून धरी आणि शेवटचे काम माणूस करी. येथे संख्येने आकाराची जागा भरून काढली होती. त्यावरून एकटा लहान कुत्रा मोठ्याच्या बरोबरीचा ठरत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. बिळाजवळचे लहान सावज, अडचणीची जमीन, थोड्या अंतराची धाव आणि रात्रीची वेळ असेल, तर चांगला लहान लर्चर मोठ्याच्या बरोबरीचा आहे, पुष्कळदा वरचढही. उघडे मैदान, माळावरचा ससा आणि लांब धाव असेल, तर तो कमी पडतो. सावज हरणाच्या आकाराचे असेल, तर त्याची तुलनाच करू नये. सरसकट 'लहान चांगला' किंवा 'मोठा चांगला' असे म्हणणारा माणूस आपल्या शेताबद्दल बोलत असतो, कुत्र्याबद्दल नव्हे.

शिकार संपल्यानंतर

भारतात मात्र या उत्तराचा उपयोग आता निराळा आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी घातली. त्यातील शिकारीच्या व्याख्येत मारणे व पकडणे यांबरोबर प्राण्याचा पाठलाग करविणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश आहे. काळवीट आणि माळावरचा ससा दोघेही संरक्षित आहेत. म्हणजे कारवान कुत्रा सशामागे सोडणे हा आज गुन्हा आहे, मग ससा हाती लागो अथवा न लागो. इंग्लंडमध्येही २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी माळावरच्या सशाची शिकार बंद झाली; बिळातल्या सशाला व उंदीर-घुशींना मात्र त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे तिकडच्या लहान लर्चरचे काम अजून शिल्लक आहे. आपल्याकडे बिळात राहणारा रानटी ससाच नाही, आणि माळावरच्या सशाला हात लावता येत नाही. दख्खनच्या कुत्र्याचे जुने काम पूर्णपणे संपले आहे.

ही बंदी आवश्यक होती, याविषयी शंका नाही. माळराने आक्रसत गेली आणि काळविटांचे कळप विरळ झाले, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. परंतु काम संपले की कामाची कसोटीही संपते, आणि मग कुत्र्याची निवड डोळ्यांवर होऊ लागते. गिऱ्हाईक उंची विचारते, म्हणून पैदास करणारा उंच नर निवडतो. शर्यतीच्या हौसेने ग्रेहाउंडचे रक्त मिसळले जाते; पिल्लू मोठे व देखणे निपजते. पण ग्रेहाउंड आखीव वाटेवरच्या अर्ध्या मिनिटाच्या धावेसाठी घडविलेला आहे. कठीण तळवे, उन्हाची सहनशक्ती, थोड्या अन्नावर राहण्याची सवय हे दख्खनच्या कुत्र्याचे गुण अशा संकरात प्रथम हरवतात, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्याने हरवल्याचे कळतही नाही.

कसोटी नव्याने उभी करण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. टपाल खात्याने २००५ साली काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळ व रामपूर यांना स्थान मिळाले. २०१६ साली मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील अश्व व पशुवैद्यक दलाच्या केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली. २०२४ साली लखनौ येथे भरलेल्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या 'रिया' या मुधोळ कुत्रीने माग काढण्याच्या विभागात सर्वोत्तम ठरून संपूर्ण मेळाव्यातील सर्वोत्तम कुत्र्याचा मानही मिळविला. तिच्यासमोर प्रामुख्याने परदेशी जातींचे कुत्रे होते. त्यांपैकी अनेक जाती वजनाने तिच्याहून भारी असतात. विशेष हे की, नजरेने धावणाऱ्या घराण्यातील या कुत्रीने वासाच्या कामात यश मिळविले.

एका कुत्रीच्या यशावरून साऱ्या जातीविषयी निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तरीही त्यातून एक दिशा दिसते. देशी कुत्रा टिकवावयाचा असेल, तर त्याला काम दिले पाहिजे आणि त्या कामावरून त्याची निवड झाली पाहिजे. जो कोणी या जातीचे पिल्लू पाळू इच्छितो, त्याने प्रथम आईबापांना चालताना व धावताना पाहावे. त्यांचे तळवे दाबून पाहावेत. धावून आल्यावर त्यांची धाप किती वेळात खाली बसते ते मोजावे. हाक मारल्यावर ते वळून येतात की नाही ते पाहावे. उंची मोजण्याची पट्टी त्यानंतर, सर्वांत शेवटी काढावी.